मिरवणुकीविना परतलेले सैनिक

रणांगणावरून घरी येणाऱ्या शिपायाचे स्वागत करणे हा मनुष्यजातीच्या अत्यंत जुन्या संस्कारांपैकी एक होय. आमच्या खेड्यापाड्यांतूनही लांबून आलेल्या शिपायाने उंबरठा ओलांडण्यापूर्वी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, त्याच्या पायांवर पाणी घालतात, आणि मगच तो आत येतो. ह्या साध्या विधीत मोठा अर्थ साठविलेला आहे. जो मनुष्य आपल्या वतीने मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आला, त्याला आपण पुन्हा आपल्यांत घेत आहोत, अशी ती घराची व गावाची कबुली असते. परंतु ह्या कबुलीमागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, ज्या कारणासाठी तो लढला ते कारण घरी राहिलेल्यांसही आपलेच वाटत आहे. जेव्हा तसे वाटत नाही, जेव्हा युद्धच लोकांना नकोसे झालेले असते, तेव्हा त्या युद्धातून परतलेल्या सैनिकाचे समाज काय करतो? हा प्रश्न वरवर भावनेचा दिसला, तरी तो वस्तुतः लोकशाहीच्या नीतीचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी वाचकांस फार दूर जावयास नको. दिनांक २४ मार्च १९९० रोजी श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदरातून भारतीय शांतिसेनेची अखेरची तुकडी जहाजात चढली आणि मद्रासच्या रोखाने निघाली. बत्तीस महिन्यांच्या त्या मोहिमेत अकराशेंहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले होते व सुमारे तीन हजार जखमी झाले होते. मद्रास बंदरावर सरकारी स्वागताचा समारंभ ठरला. परंतु ज्या प्रांताच्या भूमीवर ही फौज उतरत होती, त्या तमिळनाडूचे मुख्यमंत्री मुथुवेल करुणानिधी त्या समारंभास आले नाहीत. तमिळ बांधवांवर शस्त्र चालविलेल्या फौजेचे स्वागत आपण कसे करावे, अशी त्यांची भूमिका होती. उरलेल्या देशाने बहिष्कारही घातला नाही आणि मिरवणूकही काढली नाही. देश आपल्या उद्योगास लागला होता. ह्या दोन वागणुकींपैकी अधिक कठोर कोणती, हे ठरविण्यापूर्वी ती फौज तेथे गेली कशी, हे आठवले पाहिजे.

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत व इतरत्र तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या आणि श्रीलंकेतील वांशिक कलहास उघड यादवीचे रूप आले. त्यानंतरच्या चार वर्षांत एक लाखाहून अधिक निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. तमिळ बंडखोरांच्या निरनिराळ्या गटांस भारताच्या भूमीवर आश्रय व लष्करी शिक्षण मिळाले, ही गोष्टही आता लपून राहिलेली नाही. १९८७च्या पूर्वार्धात श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पास वेढा आवळला, तेव्हा ४ जून रोजी भारताच्या विमानांनी तेथे अन्नधान्याची पोती टाकली. ह्या दडपणातून २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष ज्युनियस जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवावीत, श्रीलंकेने प्रांतांस काही स्वायत्तता द्यावी, आणि ह्या देवघेवीची हमी म्हणून भारताची फौज तेथे राहावी, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना स्वीकारीत असताना रांगेतील एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून प्रहार केला. यजमान देशातील बहुसंख्यांस हा पाहुणा किती नकोसा आहे, ह्याची ती पहिली खूण होती.

जाफन्यातील तमिळ जनतेने मात्र आरंभी ह्या सैनिकांचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. ते आपल्या रक्षणास आले आहेत, अशी तिची समजूत होती आणि सैनिकांचीही तीच समजूत होती. दोन महिन्यांत ही समजूत उभयपक्षी पार मोडून गेली. तमिळ वाघांच्या संघटनेने सर्व शस्त्रे देण्याचे नाकारले. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्या थिलीपन नावाच्या तरुण कार्यकर्त्याचा उपोषणाने अंत झाला. ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या नौदलाने वाघांचे सतरा लोक पकडले. त्यांना कोलंबोस नेण्याचा हट्ट धरला जाताच त्यांनी पलालीच्या तळावर विष घेतले व बारा जण मेले. त्यानंतरच्या काही दिवसांतच शांतिसेना आणि वाघ यांच्यात युद्ध जुंपले. ज्यांना वाचविण्यासाठी ती गेली होती, त्यांच्याच घरांच्या गल्लीबोळांतून तिला आता लढावयाचे होते.

ह्या युद्धाचा पहिलाच प्रसंग त्याच्या साऱ्या स्वरूपाचा नमुना ठरावा असा आहे. ११ ऑक्टोबरच्या रात्री वाघांच्या पुढाऱ्यांस अचानक पकडण्याच्या हेतूने जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरांतून सैनिक उतरविण्यात आले. वाघांस ह्या बेताची आधीच कुणकुण लागलेली होती. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तेराव्या पलटणीची तीस जणांची एक तुकडी तेथे उतरली. मदतीस येणारी पुढची हेलिकॉप्टरे गोळीबारामुळे उतरू शकली नाहीत, आणि त्या तिसांपैकी एकोणतीस जण तेथेच मारले गेले. एक जण वाघांच्या हाती जिवंत सापडला. पुढे दोन आठवड्यांच्या लढाईनंतर जाफना शहर हाती आले. परंतु शहर जिंकले म्हणून युद्ध संपले नाही. पेरलेले सुरुंग, झाडीतून येणाऱ्या गोळ्या, दिवसा भाजी विकणारा व रात्री बंदूक घेणारा शत्रू, अशा युद्धात ती फौज रुतत गेली. कालांतराने चार डिव्हिजनांचे सैन्य तेथे गुंतले.

ह्याच युद्धात मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांना मरण आले. त्यांचे नाव आम्ही मुद्दाम येथे घेत आहोत. एका तमिळ कुटुंबातील हा पुरुष मुंबईत १९४६ साली जन्मला, मुंबईतच शिकला, आणि सैन्यात अधिकारी होऊन महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफन्यानजीक झडतीचे काम आटोपून रात्री परत येत असता त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या वाघांनी हल्ला केला. परमेश्वरन् यांनी वळसा घालून शत्रूस मागून गाठले. हातघाईच्या त्या झटापटीत छातीत गोळी लागली असताही त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्यालाच टिपले आणि प्राण जाईपर्यंत आपल्या लोकांस हुकूम देत राहिले. शांतिसेनेच्या मोहिमेतील एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. कुळाने तमिळ, जन्माने मुंबईकर, पलटणीने महार असा हा मनुष्य तमिळांच्या रक्षणार्थ म्हणून निघालेल्या मोहिमेत तमिळ बंदुकीने मेला. त्या युद्धाची सारी विसंगती ह्या एका आयुष्यात एकवटली आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे हे इतिहासाशी बेइमानीचे होईल. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात भारतीय सैनिक शिरले आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तेथे साठाहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत रुग्ण होते, डॉक्टर होते, परिचारिका व नोकरचाकर होते. रुग्णालयातून आपल्यावर गोळीबार झाला, असे सैन्याच्या बाजूने सांगण्यात आले. वाचलेल्यांची साक्ष निराळी आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टिथुराई गावी वाघांनी सहा भारतीय सैनिक मारल्यावर पन्नासांहून अधिक नागरिकांस आपले प्राण गमवावे लागले. जाफना विद्यापीठातील काही अध्यापकांनी वाघ, श्रीलंकेचे सैन्य व भारतीय सैन्य ह्या सर्वांचे अत्याचार निर्भयपणे टिपून ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्यापैकी डॉ. रजनी तिराणगामा यांस सप्टेंबर १९८९ मध्ये घरी परतताना वाटेत गोळ्या घालण्यात आल्या, आणि हे कृत्य वाघांचेच असे सर्वत्र मानले जाते. ज्या भूमीत सत्य लिहिणाऱ्याची ही गत, त्या भूमीत ही फौज बत्तीस महिने वावरत होती.

अशा युद्धास लोकमताचा पाठिंबा कोठून मिळणार? सिंहलींस ही फौज परकीय आक्रमणाची वाटत होती. दक्षिणेकडील जनता विमुक्ती पेरामुना ह्या पक्षाने त्याच रोषावर आपले रक्तरंजित बंड पोसले. जाफन्यातील तमिळांस ती विश्वासघातकी वाटू लागली. तमिळनाडूत भाषेचे व रक्ताचे नाते आडवे आले. आणि उत्तर व पश्चिम भारतातील मध्यमवर्गास ह्या मोहिमेचे प्रयोजनच नीट कळले नाही. युद्ध पुकारलेले नव्हते, सीमेवर शत्रू चालून आलेला नव्हता, आणि फौजेच्या नावातच शांती हा शब्द होता. शांतीसाठी गेलेली माणसे मरतात कशी, हे कोणी त्यास समजावून सांगितले नाही. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी, जुलैअखेर चालते व्हा, असे ह्या फौजेस बजावले. त्यांच्या सरकारने ह्याच फौजेविरुद्ध लढण्यास वाघांना शस्त्रे दिली, हे पुढे उघडकीस आले. वर्षाच्या अखेरीस दिल्लीतही सरकार बदलले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या नव्या सरकारास आधीच्या सरकारचे हे ओझे उतरवून टाकावयाचे होते. म्हणजे फौज परतली तेव्हा तिला पाठविणारे सत्तेवर नव्हते, आणि जे सत्तेवर होते त्यांनी तिला पाठविले नव्हते. अशा अनाथ स्थितीत परतलेल्या सैनिकांचे ऋण कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, हे कोणासच ठरविता आले नाही.

आपल्या देशात असा पेच त्यापूर्वीही एकदा पडला होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी लोक सैन्यात होते. १९४५-४६ साली ते इटलीतून, ब्रह्मदेशातून, आफ्रिकेतून परतू लागले, तेव्हा देशाचे अंतःकरण लाल किल्ल्यातील खटल्याकडे, आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांकडे लागलेले होते. ते योग्यच होते. परंतु त्याच वेळी रायगडच्या डोंगरातील पळसगावचा यशवंत घाडगे इटलीत एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर तुटून पडून १९४४ साली मेला होता व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला होता. त्याच्या शौर्याचा गौरव करावा तर साम्राज्याचा गौरव केल्यासारखे होते. न करावा तर आपल्याच गावच्या पोरास परके केल्यासारखे होते. समाजाने ह्या पेचातून जी वाट काढली ती मौनाची. माणगावात त्याचा पुतळा उभा आहे. पण आमच्या इतिहासाच्या सर्वसामान्य शालेय धड्यांतून अशा माणसांस फारशी जागा मिळाली नाही.

मौनाची ही वाट केवळ आपलीच नव्हे. फ्रान्सने १९५४ ते १९६२ पर्यंत अल्जीरियात दहा लाखांहून अधिक तरुण लढावयास धाडले. परंतु त्या लढ्यास युद्ध म्हणावयास सरकारी दप्तर तयार नव्हते. सुव्यवस्था राखण्याची कारवाई, असे त्याचे सोज्ज्वळ नाव होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या संसदेने कायद्याने त्यास युद्ध हा शब्द बहाल केला, तोवर त्या तरुणांची साठी उलटू लागली होती. सोव्हिएत संघाची फौज १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तानातून पुलावरून परत आली. सुमारे पंधरा हजार सैनिक तिने तेथे गमावले होते. घर, औषधपाणी किंवा पेन्शनीसाठी कचेरीत गेलेल्या माजी सैनिकास तेथील कारकून, आम्ही तुला तेथे धाडले नव्हते, असे ऐकवीत, ही हकीकत त्या देशात म्हणीसारखी रूढ झाली. भाषा निराळ्या, राज्यपद्धती निराळ्या. परंतु हात झटकण्याची रीत एकच.

अमेरिकेचे उदाहरण सर्वांत अधिक गाजलेले आहे. व्हिएतनाममध्ये सुमारे सत्तावीस लाख अमेरिकन लोकांनी सेवा केली व अठ्ठावन्न हजारांहून अधिक मेले. ह्या सैनिकांवर विमानतळांवर लोक थुंकले, अशी कथा पुढे घरोघर पसरली. जेरी लेम्बके ह्या अभ्यासकाने १९९८ साली ह्या कथेचा कसून शोध घेऊन, तिला त्या काळातला पुरावा जवळजवळ सापडत नाही, असा निष्कर्ष मांडला. हा वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु त्याहून निर्विवाद अशी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या मते अधिक मर्मभेदी आहे. त्या युद्धात सैनिकांची नेमणूक पलटणीने नव्हे तर एकेकट्याची, साधारण वर्षभरासाठी होत असे. मुदत संपली की तो विमानात बसे आणि दोन-तीन दिवसांपूर्वी चिखलात बंदूक घेऊन पडलेला मनुष्य आपल्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. जहाजातील तो दीर्घ प्रवास नाही, सोबतीस सवंगडी नाहीत, गावची वेस नाही. पूर्वीच्या युद्धांत परतण्याचा प्रवास हाच अर्धा उपचार असे. येथे तोही नाहीसा झाला. त्याच्याशी कोणी वाईट वागले असो वा नसो, त्यास कोणी काही विचारले नाही, हे बहुतेकांचे म्हणणे आहे.

पुढे त्या सैनिकांनी स्वतः वर्गणी गोळा करून वॉशिंग्टन येथे १९८२ साली स्मारक उभारले. माया लिन ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने त्याची कल्पना रेखाटली होती. त्यात विजयाची मूर्ती नाही, युद्ध न्याय्य होते की अन्याय्य ह्याविषयी एक अक्षरही नाही. जमिनीत उतरत जाणारी काळ्या पाषाणाची भिंत आणि तीवर मृतांची नावे, मरणाच्या क्रमाने, एवढेच. युद्धाचे समर्थक व विरोधक दोघेही तेथे येऊन उभे राहू शकतात, ह्याचे कारण तेच. त्या भिंतीची गुळगुळीत काळी शिळा आपल्या देशातून, बंगळुराच्या बाजूच्या खाणींतून, गेलेली आहे. नावे वाचणाऱ्यास त्या दगडात आपला स्वतःचा चेहराही दिसतो, म्हणूनच ती निवडली गेली. आपल्या भूमीतला दगड दुसऱ्यांच्या मृतांची नावे जतन करीत होता, त्याच दशकात आपल्या अकराशे मृतांची नावे एकत्र कोरावयास देशाच्या राजधानीत जागा नव्हती.

आमच्या सैनिकांचे पहिले ठळक स्मारक झाले तेही परदेशात. ज्या श्रीलंकेने त्यांना जा म्हटले होते, तिनेच कोलंबोनजीक आपल्या संसदेच्या परिसरात २००८च्या सुमारास ते उभारले. मार्च २०१५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. दिल्लीत राष्ट्रीय समरस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, आणि तेथे इतर युद्धांतील मृतांच्या शेजारी ह्यांचीही नावे आली. मधल्या एकोणतीस वर्षांत ह्या मोहिमेची आठवण जी टिकली ती मुख्यतः तीत लढलेल्यांनीच टिकविली. लेफ्टनंट जनरल दीपिंदरसिंग, मेजर जनरल हरकिरतसिंग, लेफ्टनंट जनरल सरदेशपांडे अशा सेनापतींनी पुस्तके लिहून आपली बाजू व आपल्या वरिष्ठांच्या चुका जगापुढे ठेवल्या. माजी सैनिक आपापसांत जमून मृत सोबत्यांस श्रद्धांजली वाहत राहिले. कारगिलच्या युद्धात, १९९९ साली, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव पोहोचल्या आणि साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर त्या पाहून अश्रू ढाळले. ते अश्रू खरे होते. परंतु बारा वर्षांपूर्वी जाफन्यात पडलेला जवान कारगिलात पडलेल्याहून कमी आज्ञाधारक नव्हता, कमी तरुण नव्हता. फरक त्याच्या शौर्यात नव्हता. फरक आमच्या युद्धावरील प्रीतीत होता.

येथे करुणानिधींच्या बहिष्काराकडे पुन्हा वळणे भाग आहे. त्या भूमिकेची निव्वळ निंदा करणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती केलीही. परंतु तीत एक सत्य होते. जाफन्याच्या रुग्णालयात मेलेल्यांस कोणीतरी उत्तर देणे लागत होते. चूक झाली ती उत्तर मागण्यात नव्हे. ज्याच्याकडे मागावयाचे त्याची निवड करण्यात. जहाजातून उतरणाऱ्या हजारो माणसांतील बहुतेकांनी आज्ञा पाळण्यापलीकडे काही केलेले नव्हते. मोहीम ठरविणारे, पुरेशी माहिती न घेता ती रेटणारे, तिचा हेतू दर महिन्यास बदलणारे मंत्री व सल्लागार त्या बंदरावर नव्हतेच. आणि ज्यांनी खरोखर निरपराधांवर गोळ्या झाडल्या असतील, त्यांची शहानिशा धक्क्यावर गैरहजर राहून होत नसते; ती न्यायासनापुढे, नावानिशी, पुरावा घेऊन व्हावी लागते. सरसकट बहिष्कारात अपराधी आणि निरपराध एकाच मापाने मोजले जातात, आणि त्यात लाभ होतो तो अपराध्याचाच.

परंतु उरलेल्या देशाच्या मौनाविषयी एवढेही म्हणता येत नाही. बहिष्काराने निदान काहीतरी घडले आहे हे मान्य केले होते. मौनाने तेही मान्य केले नाही. सैनिकांचा सन्मान केला तर युद्धाचे समर्थन केल्यासारखे होईल, अशी भीती ह्या मौनामागे असते; आणि आमच्या मते सारा घोटाळा ह्या एका समजुतीत आहे. सन्मान आणि संमती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. सैनिक परत आल्यावर, तू गेलास, सोसलेस, परत आलास, हे आम्हांस ठाऊक आहे, असे म्हणण्यात, तुला पाठविले ते बरे केले, असा अर्थ मुळीच नसतो. उलट ज्यास युद्ध चुकीचे वाटते त्यानेच हे शब्द मोठ्याने उच्चारले पाहिजेत, कारण चुकीच्या निर्णयाची किंमत कोणी भरली हे दाखविल्यावाचून निर्णय चुकीचा होता हे सिद्ध तरी कसे होणार? मृतांची नावे पुसली की चुकीचा हिशेबही पुसला जातो. मौन तटस्थ असते, हा भ्रम आहे. ते नेहमी निर्णय घेणाऱ्याच्या बाजूचे असते.

आणि ते एकाच पक्षावर अन्याय करीत नाही. जाफन्याच्या रुग्णालयातील परिचारिका आणि विद्यापीठाच्या मैदानावरील तो शीख शिपाई एकमेकांचे कोणी नव्हते. कदाचित ती एकमेकांस शत्रूच समजली असती. परंतु आमच्या विस्मृतीने दोघांस एकाच खड्ड्यात लोटले आहे. जो समाज आपल्या सैनिकास, तुझे तेथे काय झाले, असे विचारीत नाही, तो, तू तेथे काय केलेस, हेही विचारू शकत नाही. हे दोन्ही प्रश्न एकाच दारातून आत येतात. ते दार बंद केले की शौर्यही बाहेर राहते आणि अपराधही बाहेर राहतो. आम्हांस शौर्याचा विसर पडल्याबद्दल माजी सैनिक खेद करतात तो रास्त आहे. पण वल्वेट्टिथुराईचे नाव आमच्या किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहे, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

महार रेजिमेंटचा उल्लेख वर आलाच आहे. महाराष्ट्रीय वाचकांस हे सांगावयास नकोच की, ह्या समाजाच्या शिपायांनी एकदा इंग्रजांच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लढाऊ जातींच्या तत्त्वाखाली, त्यांस भरतीची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ साली त्यांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडण्यात आली. दुसऱ्या युद्धात, १९४१ साली, ती पुन्हा उभी करावी लागली. काम पडले की बोलवावे, काम सरले की विसरावे, ही रीत परक्या सरकारची होती, म्हणून आम्ही तिला नावे ठेवली. त्याच रेजिमेंटचा अधिकारी ज्या मोहिमेत परमवीर ठरला, ती मोहीम विसरताना मात्र आमच्यावर परक्या सरकारची सक्ती नव्हती. तो विसर सर्वस्वी आमचा होता.

लोकशाहीत सैन्य राजाचे नसते. ते लोकांनी निवडलेल्या सरकारचे, म्हणून अखेर लोकांचेच असते. आम्ही तुला धाडले नव्हते, हे वाक्य मॉस्कोच्या कारकुनाच्या तोंडी खोटे होतेच. ते आमच्या तोंडी अधिक खोटे ठरेल, कारण ज्यांनी धाडले त्यांना आमच्या मतांनी निवडलेले होते. ज्या युद्धाचा आम्हांस अभिमान वाटतो, तेवढेच आमचे, आणि ज्याची लाज वाटते ते केवळ सैनिकाचे, अशी वाटणी करता येत नाही. युद्ध अप्रिय असेल तर त्याविरुद्ध ते चालू असतानाच बोलावे, मतपेटीतून बोलावे, ते ठरविणाऱ्यांस जाब विचारावा. आणि त्यातून परतणाऱ्यास दारात तिष्ठत ठेवू नये. त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळावा, त्यास आत घ्यावे, आणि तो बसला, पाणी प्याला, म्हणजे मग शांतपणे विचारावे की, बाबा, तेथे काय काय झाले ते आता सगळे सांग. जे ऐकू येईल ते सारेच सुखाचे असेल असे नाही. परंतु ते ऐकण्याचे धैर्य ज्या समाजाजवळ नाही, त्याने आपली मुले युद्धावर पाठवू नयेत.